चार लावां आणि कॅमेऱ्याची जागा

लातूरच्या एका फोटोग्राफर ताईंचा प्रश्न आहे. सात वर्षं मराठी आणि मारवाडी लग्नं केली, आता पहिल्यांदा शीख लग्न हाती आलंय. मुलगा नांदेडचा, मुलगी लुधियान्याची, लग्न नांदेडातच, जानेवारीत. मुलाकडच्यांनी वेळापत्रक आखायचं कामही त्यांच्याच गळ्यात घातलंय. त्या विचारतात : कुठला विधी कधी, मी कुठे उभी राहू, आणि काय अजिबात करू नको?

ताई, मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. उभं राहायचंच नाही. बसायचं.

अठरा वर्षांपूर्वी मी नांदेडच्या वजिराबादेत मामाच्या स्टुडिओत उमेदवारी करत होतो, तेव्हाचं माझं पहिलं शीख लग्न. आपल्याकडे मंगलाष्टकं सुरू झाली की फोटोग्राफर खुर्चीवर चढतो, स्पीकरवर चढतो, वेळ पडली तर नवरदेवाच्या मामाच्या खांद्यावरून हात घालतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. त्याच सवयीने मी दरबारात, म्हणजे गुरुद्वाऱ्यात ग्रंथ असतो त्या दालनात, खिडकीच्या कट्ट्यावर चढलो. लावां, म्हणजे शीख लग्नातले चार फेरे, सुरू व्हायच्या होत्या. पांढऱ्या दाढीचे एक आजोबा उठले, माझं कोपर धरून मला खाली उतरवलं आणि स्वतःच्या शेजारी बसवून घेतलं. ओरडले नाहीत, पण हातही लवकर सोडला नाही. मी गुरू ग्रंथ साहिबांपेक्षा उंच जागी जाऊन उभा होतो, हे मला नंतर मामाने सांगितलं. उरलेलं लग्न मी त्या आजोबांच्या शेजारूनच काढलं. रात्री फोटो बघितले तर त्या दिवसातले सगळ्यात बरे फोटो तेच निघाले.

मराठी मांडवात फोटोग्राफर अर्धा मालक असतो. "गुरुजी, जरा थांबा", "मंगळसूत्र परत एकदा", "अंतरपाट थोडा खाली". दरबारात हे चालत नाही. तिथे घर गुरूंचं आहे. नवरानवरी पाहुणे, आईबाप पाहुणे, आपणही पाहुणेच. आणि नांदेडात हे जरा जास्तच जाणवतं. १७०८ साली याच गावात, गोदावरीकाठी, गुरू गोबिंदसिंघांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरुगादी दिली आणि इथेच देह ठेवला. त्या जागी महाराजा रणजितसिंघांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवलेलं तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब आज उभं आहे, शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. त्यामुळे इथल्या माणसासाठी ग्रंथ म्हणजे पूजेत ठेवलेलं पुस्तक नाही, समोर बसलेलं मोठं माणूस आहे. घरात आजोबा बसलेले असताना आपण त्यांच्याकडे पाठ करून, त्यांच्या डोक्यावरून हात नेऊन फोटो काढू का? एवढं मनाशी धरलंत तर नव्वद टक्के नियम कुणी सांगायची गरज पडत नाही.

आता वेळापत्रक. शीख रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, लग्नासाठी मुहूर्त बघायची पद्धत नाही, पत्रिका जुळवणंही नाही. तारीख कुठलीही चालते. व्यवहारात मात्र नांदेडची तारीख दोन गोष्टी ठरवतात : यात्री निवासातल्या खोल्या आणि सचखंड एक्सप्रेसची तिकिटं. दसरा, दिवाळीच्या आधीचं तख्तस्नान, होळीचा हल्लाबोल, नानक जयंती आणि गुरू गोबिंदसिंघांचं गुरुपूरब (जयंती), या दिवसांच्या आसपास गावात पाय ठेवायला जागा नसते. गुरुपूरब डिसेंबर-जानेवारीतच येतं, तेव्हा तुमच्या लग्नाची तारीख त्याला खेटून नाही ना हे आजच बघा. खेटून असेल तर खोल्या मिळणार नाहीत, रागी जथा, म्हणजे कीर्तन गाणारी मंडळी, मिळणार नाही, आणि दरबार मिळाला तरी घड्याळ लावून मिळेल.

दुसरं, लुधियान्याची माणसं सचखंडनेच येणार. ही गाडी अमृतसरहून निघून पंजाब, दिल्ली, मध्य प्रदेश करत येते, दीड दिवसाचा प्रवास. वाटेत सेवाभावी लोक लंगर घेऊन फलाटावर उभे असतात, त्यामुळे पाहुणे उपाशी येणार नाहीत, पण जानेवारीत उत्तरेत धुकं असतं आणि गाडी किती तास मागे पडेल याचा भरवसा नाही. माझ्या एका लग्नात चूडा (नवरीच्या हातात लग्नाच्या बांगड्या चढवणं) संध्याकाळी सहाला ठरला होता आणि मुलीचे मामा रात्री अकराला स्टेशनवर उतरले. मामाशिवाय चूडा नाही. तुमच्या वेळापत्रकात मुलीकडची मंडळी लग्नाच्या दोन दिवस आधी नांदेडात पाहिजेत. घरचे म्हणतील एक दिवस पुरे. ऐकू नका.

जागेबद्दल. तख्तसाहिबच्या आत कॅमेरा नाही. अंगीठा साहिब, म्हणजे गुरूंच्या अंत्यसंस्काराची जागा, जिथे आहे त्या गाभ्यात तर ठरलेले पुजारी सोडून कुणीच जात नाही. मी केलेली लग्नं शहरातल्या इतर गुरुद्वाऱ्यांच्या दरबारांत लागली. कुठला दरबार, किती वाजता, फोटो-व्हिडिओची परवानगी कुठवर, हे मुलाच्या वडिलांना सोबत घेऊन संबंधित कार्यालयात जाऊन विचारा आणि जमलं तर कागदावर घ्या. फोनवर "हो हो, या" म्हणणारा माणूस त्या दिवशी ड्यूटीवर नसतो, हा माझा अनुभव आहे. आणि कुणी पाहुण्याने "गावाबाहेर फार्महाऊसवर लावां करू, फोटो झकास येतील" अशी टूम काढली तर ती तिथेच मिटवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये अकाल तख्ताने, म्हणजे अमृतसरच्या सर्वोच्च धर्मपीठाने, रिसॉर्ट, समुद्रकिनारे असल्या ठिकाणी आनंद कारज (शीख लग्नविधी) करायला मनाई केली आहे. त्याच वर्षी डिसेंबरात इथे हजूर साहिबलाच पाच सिंघ साहिबानांची, म्हणजे शिखांच्या धर्मप्रमुखांची, बैठक झाली आणि नवरीच्या पोशाखाबद्दल ठरलं : सलवार-कमीज आणि डोक्यावर चुन्नी, जड लेहंगा नको, फुलांची किंवा चुन्नीची चादर डोक्यावर धरून तिला दरबारात आणणं नको, पत्रिकेत नावापुढे सिंघ आणि कौर हवं. तुमच्या नवरीने मोबाईलवर भावांनी चादर धरलेले शंभर फोटो बघितलेले असणार. तिला आधीच सांगा. तो फोटो हवाच असेल तर घराच्या दारात काढू, तोही मोठ्यांना विचारून.

विधींची नावं तुम्हाला गुगलवर मिळतील, त्यामुळे भराभर सांगतो. कुडमाई म्हणजे साखरपुडा. मैयां म्हणजे आपली हळद, उटणं लावतात. चूडा मुलीचे मामा चढवतात. तो आधी दूध-पाण्यात ठेवलेला असतो आणि हातात चढेपर्यंत नवरी त्याच्याकडे बघत नाही. इथे लेन्स चूड्यावर नको, मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. आपल्याकडेही मामा नवरीच्या पाठीशी उभा असतो, तेव्हा मामाच्या चेहऱ्यावर काय येतं ते तुम्हाला सांगायला नको. जग्गो रात्री, डोक्यावर दिव्यांची गागर घेऊन, गाणी म्हणत गल्ली जागवायची. तिथे फ्लॅश लावलात तर दिवे मेले. आयएसओ चढवा, थोडा दाणा येऊ द्या. चूडा, जग्गो, कलीरे (चूड्याला लटकवायचे झुमके) हे सगळं पंजाबातलं घरगुती चालीरीतीचं आहे, आनंद कारजाचा भाग नाही. नांदेडची घरं पिढ्यान्‌पिढ्या इथली, एकाच वाक्यात पंजाबी, दख्खनी आणि मराठी बोलणारी, त्यांच्यात यातलं काही होतं, काही होत नाही. दोन्ही घरांना वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र विचारलंत तर सगळे "हां हां, होगा" म्हणतील आणि होणार काहीच नाही.

नवरदेवाच्या घरी सकाळी पगडी बांधतात ती जागा मला सगळ्यात आवडते. पाच-सात मीटर कापड, ओलसर केलेलं, एक टोक नवरदेवाच्या हातात, दुसरं भावाच्या. दोघं खोलीच्या दोन टोकांना ताणून उभे राहतात आणि कापडाची घडी घालत एकमेकांकडे येतात. खोली छोटी असेल तर भाऊ दाराबाहेर गॅलरीत जातो आणि कापड उंबऱ्यावरून ताणलं जातं. याला पूणी करणं म्हणतात. मग एकेक लड कपाळावर बसते, आणि शेवटी सलाईच्या टोकाने कानामागचे केस आत सारले जातात. पंधरा-वीस मिनिटांचं काम, खिडकीचा उजेड असेल तर आणखी काही लागत नाही.

पण इथेच एक गोष्ट. खोलीत शिरल्या शिरल्या कॅमेरा डोळ्याला लावू नका. नवरदेव केस विंचरत असेल, जुडा बांधत असेल. मोकळे केस ही बऱ्याच गुरसिख घरांत खाजगी गोष्ट असते, पाहुण्यांसमोरची नाही. दाराशी थांबा, "पटका बांधला का?" विचारा (पटका म्हणजे केसांवर बांधायचं छोटं कापड), मग आत जा. हे विचारणारा फोटोग्राफर घरच्यांना दिवसभर लक्षात राहतो. त्या एका प्रश्नावर मला तीन लग्नं मिळाली आहेत.

कृपाण नवरदेवाच्या हातात दिवसभर असते. "जरा उपसून पोज द्या" म्हणू नका. ती प्रॉप नाही.

निघण्याआधी तुमच्या माणसांचे खिसे तपासा. हसू नका. मराठवाड्यातले आपण, मदतनीस पोराच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असणार हे गृहीत धरायचं. माझ्याच पोराच्या होती. जोड्याघरापाशी तो वाकला आणि शर्टाच्या वरच्या खिशातून पुडी निघून संगमरवरावर पडली, सेवादाराच्या अगदी पायाशी. सेवादार काही बोलला नाही, त्याने फक्त बाहेरच्या फाटकाकडे बोट केलं. पोरगा बाहेर गेला आणि त्या दिवशी माझा दुसरा कॅमेरा बाहेरच राहिला. गुटखा, सिगरेट, बिडी, गाडीतसुद्धा नको. बाकीचं सोपं आहे : डोक्यावर रुमाल, टोपी नव्हे, आणि तो गाठ मारून घट्ट, नाहीतर कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालताना नेमका निसटतो. हातपाय धुवायचे. चामड्याचा जाड पट्टा असेल तर कापडी लावून घ्या, उगीच कुणाच्या डोळ्यावर यायला नको. आत गेल्यावर आधी माथा टेकायचा, मग बॅग उघडायची. बसताना पाय गुरूंकडे करायचे नाहीत, मांडी घालायची. तासभर मांडी घालून सत्तर-दोनशेची लेन्स पेलायची सवय आत्तापासून करा, पहिल्या लग्नात माझ्या पायाला मुंग्या येऊन मी उठताना पडलो होतो.

मिलनी दाराशी, आधी अरदास (प्रार्थना) होते, मग आपली व्याहीभेट. वडील वडिलांना, मामा मामांना, हार आणि मिठी. मधूनच कुणी तरी समोरच्याला उचलतो, ते कधी होईल सांगता येत नाही, तेव्हा पस्तीस एमएम लावून जवळ राहा. दहा मिनिटांत उरकतं.

आता मुख्य.

दरबारात मध्यभागी पालखी साहिब, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबांचं आसन, वर चंदोआ (छत). नवरानवरी गुरूंकडे तोंड करून बसतात, म्हणजे संगतीकडे, जमलेल्या लोकांकडे, त्यांची पाठ. नवरी नवऱ्याच्या डाव्या हाताला. पहिल्यांदा हे बघणाऱ्या फोटोग्राफरची इथेच फजिती होते, समोरून चेहरा घ्यायचा तर समोर गुरू आहेत. पालखीच्या मागे किंवा ग्रंथींच्या (ग्रंथ वाचणाऱ्यांच्या) शेजारी जाऊन बसण्याचा विचार मनातसुद्धा आणू नका. तुमच्यासाठी दोनच जागा आहेत : पालखीच्या पुढचा डावा कोपरा आणि उजवा कोपरा, संगतीकडून बघताना. बहुतेक ठिकाणी डाव्या अंगाला बायका बसतात, उजव्या अंगाला पुरुष. तुम्ही डावीकडे बायकांमध्ये बसा. तिथून नवरी तुमच्या जवळ आणि तिच्या पलीकडे नवरा, दोन्ही चेहरे तिरके मिळतात. अठरा वर्षांत मला त्या बाजूला कधी धड जागा मिळालेली नाही, तुम्हाला ती बसल्या बसल्या मिळतेय. मदतनीस पोराला उजव्या कोपऱ्यात बसवा.

हे का, ते फेऱ्यांवरून कळेल. फेरा प्रदक्षिणेसारखाच, गुरू उजव्या हाताला ठेवून. म्हणजे जोडपं उठलं की आधी डावीकडे वळतं, तुमच्या दिशेने चार पावलं येतं, पुढे नवरा, मागे पल्ला, म्हणजे नवऱ्याच्या खांद्यावरचं उपरणं, धरून नवरी. मग पालखीच्या मागे जातं, आणि उजव्या बाजूने बाहेर येतं ते थेट तुमच्या पोराच्या लेन्समध्ये. पहिली चार पावलं तुमची, शेवटची चार त्याची. मधलं कुणाचंच नाही. सोडून द्या.

आणि घाई नको, कारण फेरे चार आहेत. आपल्याकडे "शुभमंगल सावधान" एकदाच, अक्षता पडल्या की संपलं, म्हणून आपल्या अंगात ती घाई भिनलेली असते. लावां हे गुरू रामदासांचं चार कडव्यांचं काव्य, ग्रंथात सूही रागात, पृष्ठ ७७३-७७४ वर. प्रत्येक लाव ग्रंथी आधी वाचतात, तेव्हा जोडपं ऐकतं. मग माथा टेकून उठतं, रागी तीच लाव गातात आणि त्या गाण्यात फेरा होतो. परत येऊन माथा टेकला की दुसरी. चारही मिळून साधारण वीस मिनिटं. पंजाबी येत नसेल तरी मोजता येतं, प्रत्येक लावेच्या सुरुवातीलाच आकडा आहे : पहिलडी, दूजडी, तीजडी, चउथडी. मराठी कानाला परकं काहीच नाही. नामदेवांची ६१ पदं याच ग्रंथात आहेत, आणि त्यांचं नरसी गाव नांदेडहून फार लांब नाही, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात.

मी चार लावा अशा वाटून घेतो : पहिल्या लावेत फक्त उजेड आणि वेग बघायचा, दोन-चार सुरक्षित फोटो. दुसरीत नवरानवरी. तिसरीत कॅमेरा त्यांच्यावरून काढून आईबापांवर न्यायचा. तिसऱ्या फेऱ्यापर्यंत मुलीच्या वडिलांना कळलेलं असतं की आता एकच उरला. चौथीत पुन्हा जोडपं, आणि त्यांनी शेवटचा माथा टेकला की तो झुकलेला क्षण. काही घरांत भाऊ पालखीभोवती उभे राहून बहिणीला हाताला धरून पुढे सोपवतात, काहींना ते पसंत नसतं, आधी विचारून ठेवा म्हणजे चार भाऊ अचानक तुमच्या फ्रेममध्ये उभे राहणार नाहीत.

लावांच्या आधीचा एक क्षण हातचा घालवू नका. आधी "कीता लोडीऐ कम" हा शबद (ग्रंथातलं पद) होतो, जोडपं आणि दोन्हीकडचे आईवडील उभे राहून अरदास होते, ग्रंथी संसाराबद्दल चार गोष्टी सांगतात. मग रागी "पल्ले तैंडे लागी" सुरू करतात. हे शब्द कानावर पडले की मुलीचे वडील उठतात, नवरदेवाच्या खांद्यावरच्या पल्ल्याचं टोक मुलीच्या हातात देतात. कन्यादान नव्हे, पण बापाचा हात तोच. हे सगळं सात-आठ सेकंदांत होतं, लोक पुढे झुकतात, आणि तुमची जागा आधीच धरलेली नसेल तर तुम्हाला पगड्यांच्या पाठी दिसतील. फोटो चेहऱ्याचा घ्यायचा की हातांचा, हे आदल्या रात्री ठरवा. मी हात घेतो.

उजेडाचं. फ्लॅश नाही. कुणी परवानगी दिली तरी नाही. दरबारात एलईडी, ट्यूबलाइट आणि झुंबर यांची खिचडी असते, वर चंदोआचा लाल-केशरी रंग पांढऱ्या चादरींवर उतरतो आणि नवरीचा चेहरा भाजल्यासारखा येतो. ऑटो व्हाइट बॅलन्स तिथे वेडा होतो, केल्विन हाताने लावा. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे शटर एक शतांश किंवा एक पन्नासांश ठेवलं तर दिव्यांचे पट्टे येत नाहीत. मिररलेसचं मूक शटर मोहात पाडतं, पण त्याच्यावर एलईडीखाली पट्टे येऊ शकतात. आदल्या संध्याकाळी तुमच्याच कॅमेऱ्याने त्याच दरबारात, त्याच दिव्यांखाली पंचवीस फोटो काढून बघा, मग मूक की मेकॅनिकल ते ठरवा. मेकॅनिकल वापरणार असाल तर ग्रंथी वाचत असताना शांत राहायचं, रागी गात असताना दाबायचं. तबल्याखाली शटर कुणाला ऐकू येत नाही.

मागे ग्रंथींच्या हातात चौर साहिब डुलत असते, पांढऱ्या केसांची. एखादा फोटो एक तीसांशने घ्या, श्वास रोखून. जोडपं स्थिर बसलेलं आणि मागे तो पांढरा झोत. मात्र गुरू ग्रंथ साहिब अर्धे कापले जातील अशी फ्रेम करू नका. पूर्ण घ्या नाहीतर घेऊच नका.

शेवटी आनंद साहिबच्या पौड्या (कडवी), सगळ्यांची उभी अरदास, हुकमनामा (ग्रंथ उघडून वाचलेलं पद) आणि कडाह प्रसाद. कणीक, तूप, साखर समसमान. हा प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा असतो आणि तुमच्या दोन्ही हातांत कॅमेरा असतो. एका हाताने घेऊ नका, "नंतर" म्हणू नका. कॅमेरा पाठीवर सरकवा, ओंजळ पुढे करा, खा, आणि मग तुपाचे हात पुसायला खिशात सुती कापड असू द्या. माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या शटरचं बटण वर्षभर तुपकट होतं. लंगरमध्येही आधी पंगतीत बसून जेवा, मग फोटो काढा. जेवणाऱ्यांचे फोटो उभ्याने काढत फिरणारा माणूस तिथे वाईट दिसतो.

जोडप्याचे निवांत फोटो कुठे, हे तुम्ही विचारणारच. नगिना घाट, बंदा घाट, सकाळी सूर्य वर यायच्या आत. नदीत जलपर्णी किती आहे ते आदल्या दिवशी बघून या. तख्तसाहिबच्या बाहेरच्या आवारात काय चालतं ते तिथल्या सेवादाराला विचारा. पण तिथे मिठीतल्या पोज, उचलणं, कपाळाला कपाळ टेकवणं असलं काही नको, हे न विचारताच सांगतो. ड्रोनचा विचार असेल तर विमानतळ शहराला लागूनच आहे, सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-नकाशावर जागा हिरवी दिसत नसेल तर ड्रोन लातूरलाच ठेवा.

घरी आल्यावरचं काम मात्र नीट वाचा, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथली आहे. एक अमृतधारी, म्हणजे शीख दीक्षा घेतलेली, मुलगी होती. तिच्या ओठावर, गालाच्या कडेला लव होती, भुवया जशा आल्या तशा. आमच्या एडिटिंगच्या पोराने नेहमीचा प्रीसेट चालवला आणि सगळं गुळगुळीत करून टाकलं. मी अल्बम न बघता छापायला दिला. तिचे वडील अल्बम घेऊन स्टुडिओत आले, ते पान उघडलं, तिच्या ओठांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ये किसने निकाला?" केस न काढणं हे तिच्या धर्माचं अंग, तिने आयुष्यभर, शाळेत, कॉलेजात लोकांच्या नजरा सोसून ते जपलं होतं, आणि आम्ही ते तिच्याच लग्नाच्या अल्बममधून पुसलं. सगळा अल्बम स्वखर्चाने परत छापला. तेव्हापासून शीख लग्नाच्या फोल्डरवर मी स्वतः "चेहरा नाही" असं लिहून ठेवतो. पिंपल काढा, लव नाही, भुवई नाही, दाढीची कड नाही.

अल्बममध्ये आणखी दोन गोष्टी. ज्या फोटोत गुरू ग्रंथ साहिब आहेत त्यावर स्टुडिओचा लोगो नको. आणि रीलमध्ये लावांच्या दृश्यांखाली सिनेमाचं गाणं किंवा ढोल नको. तिथे रागींचाच आवाज ठेवा, त्यासाठी माइकवाल्याकडून लाइन घेता येते का ते आदल्या दिवशी विचारा.

नोंदणीबद्दल घरचे तुम्हालाच विचारतील, कारण फोटो तुमच्याकडे असतात. आनंद विवाह कायदा १९०९ चा, नोंदणीची तरतूद त्यात २०१२ च्या दुरुस्तीने आली. लावांचा एक आणि दोन्ही घरांसोबतचा एक, असे दोन फोटो त्याच रात्री छापून त्यांच्या हातात द्या, पुढचं ते बघतील.

आणि डोली, म्हणजे पाठवणी. तुमच्या लग्नात मुलीकडचेच नांदेडला आलेत, म्हणजे डोली यात्री निवासापासून गावातल्या बडपुरा किंवा अबचलनगर वस्तीपर्यंत, पाच-दहा मिनिटांची. सासू दारात पाणी ओवाळून पिते, सगळे हसतात, नवरीही हसते, आणि फोटोग्राफर सामान आवरायला लागतो. आवरू नका. पैशात बसत नसलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सचखंडच्या वेळेला हजूर साहिब नांदेड स्टेशनवर जा, पस्तीस एमएम एवढंच घेऊन. नेहमी मुलगी जाते आणि आईबाप दारात राहतात. इथे मुलगी फलाटावर राहते, हातात चूडा, आणि आईबाप गाडीत बसतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या मुलीच्या आईने खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून तिची चुन्नी डोक्यावर नीट केली होती. गाडी हलली तरी बोटं चुन्नीच्या काठावरच होती.